इन म्हणजे नाही

१० जानेवारी

आजपासून क्लास सुरू. मुहूर्त वगैरे काही पाहिला नाही. पुढच्या खोलीतला सोफा कोपऱ्यात ढकलला, सतरंजी टाकली, लेक ऐश्वर्या दहावीत असताना आणलेला पांढरा बोर्ड पुसून भिंतीला टेकवला. सेक्टर २ चं प्लांटचं क्वार्टर सोडून स्मृति नगरला आलो तेव्हापासून ही खोली पाहुण्यांसाठी म्हणून राखून ठेवली होती. पाहुणे काही येत नव्हते.

कल्पना ह्यांची. स्टील प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमधून रिटायर झाल्यावर हे मित्राच्या फॅक्टरीत सेफ्टी अ‍ॅडव्हायझर म्हणून जातात. इंडस्ट्रियल एरियातली लहानशी फॅक्टरी आहे, लोखंडी टाक्या बनवतात. मित्राला सगळे सेठ म्हणतात, म्हणून आम्हीही सेठच म्हणतो. कामगारांना खोक्यावरचं, ड्रॉइंगवरचं इंग्रजी कळत नाही, घोटाळे होतात, अशी सेठची तक्रार. हे तिथल्या तिथे बोलून मोकळे झाले, "माझी बायको शाळेत इंग्रजी शिकवायची. आता घरी बसून कंटाळून राहिली." मला न विचारता! दोन दिवस मी नीट बोलले नाही. पण आज संध्याकाळी ती माणसं शिफ्ट सुटल्यावर हातपाय धुऊन, केस ओले करून विंचरून दारात उभी राहिली, चपला ओळीत काढल्या, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

बहुतेक छत्तीसगढी. मराठी एकटाच, प्रितम. वेल्डर आहे, दुर्गला राहतो. वडील देवराव रेल्वेत रुळांच्या कामावर होते, मूळचे तुमसरकडचे. बाकीचे मॅडम म्हणतात. हा म्हणाला, "काकू म्हणलं तर चालते ना? मॅडम म्हणलं का मले शाळेतला मार आठवते."

१६ जानेवारी

आज शब्दाच्या पुढे लागणारे तुकडे घेतले. अन, डिस, इन. बोर्डावर एका बाजूला करेक्ट, कम्प्लीट, व्हिजिबल लिहिले आणि लाल पेनाने प्रत्येकापुढे इन जोडला. इनकरेक्ट, बरोबर नाही. इनकम्प्लीट, पूर्ण नाही. इनव्हिजिबल, दिसत नाही. मी म्हटलं, इन म्हणजे नाही. एवढं लक्षात ठेवा, अर्धी डिक्शनरी तुमची.

प्रितम तर हरखूनच गेला. "म्हंजे एक इन शिकला का मागचे सारे शब्द फुकट!" मग म्हणाला, "मी इनव्हिजिबल हाओ काकू. सेठ माह्या आंगावरून जाते, त्याले दिसतच नाही." सगळे हसले.

मनराखन म्हणून एक आहे, क्रेन चालवतो, फार कमी बोलतो. त्याने हात वर केला. "मैडम, इन तो इंडिया में भी है." पुन्हा हशा. मीही हसले. तो गंभीरच होता. "और इनकम में?" मी म्हटलं, आधी नियम पक्का करा, अपवाद नंतर पाहू. शाळेतही मी हेच करायची. पहिल्याच दिवशी अपवाद सांगितले की पोरं नियमही सोडून देतात.

फार दिवसांनी घसा बसला. बरं वाटलं.

२१ जानेवारी

प्रितम बायकोला घेऊन आला होता. रीना. बारीक, तरतरीत, नजर सगळीकडे. शाळांचे युनिफॉर्म शिवते. मी चहा ठेवला तर स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "काकू, हे जिथं तिथं पाट्या वाचत बसते. बसमध्ये बसलो का दुकानाच्या साऱ्या पाट्या मोठ्यानं वाचते. लोक पाहून राहिले म्हणलं तरी आयकत नाही." तक्रार होती, पण चेहरा तक्रारीचा नव्हता. मी विचारलं, "सासूसासरे काय म्हणतात?" तर म्हणाली, "त्यायले नाही सांगतलं अजून. हे म्हणते, आधी पुरं शिकतो, मंग बाबाले पेपर वाचून दाखवतो."

हे जेवताना सांगत होते, फॅक्टरीत तेलकट पत्रा पुसायला आजवर साबणासारखं पाणी यायचं, आता सेठने दुसरं औषध मागवलंय. ड्रमावर सगळं इंग्रजीत. हिंदीत पाट्या रंगवून लावायच्या आहेत, पण पेंटर हाती लागेना. मग माझ्याकडे पाहून हसले. "तशी आता गरज काय? तुझे विद्यार्थी वाचतीलच."

मला छान वाटलं. रिटायरमेंटनंतर ह्यांनी माझ्या कामाचं कौतुक पहिल्यांदाच केलं.

२८ जानेवारी

मंडळाचं हळदीकुंकू. हॉलमध्ये बायकांची ही गर्दी, माइकवर उखाणे, कोणाचं कोणाला ऐकू येईना. त्यातच दुपारी प्रितमचा फोन. कामावरून कधी करत नाही. त्याच्याकडेही मशीनचा आवाज. "काकू, एकच इचारतो. इन लागला का उलटं होते ना?" मी म्हटलं, हो. तो एक शब्द म्हणाला, लांबलचक, शेवटी एबल. मला नीट ऐकू आला नाही. मी म्हटलं, अरे तोच नियम. तो म्हणाला, "नेहमीच ना?" मी म्हटलं, "नेहमीच. शाब्बास!"

कामाच्या जागी शब्द भेटतो, हा थांबतो, विचारतो. याला म्हणतात शिकणं. शेजारी बसलेल्या प्रणिताला मी मुद्दाम सांगितलं की माझा विद्यार्थी आहे, वेल्डर आहे. तिला फारसं काही वाटलं नाही.

आज क्लासला कोणी आलं नाही. हेही अजून आले नाहीत, फोन उचलत नाहीत. वाणात आलेले डबे लावून ठेवले.

२९ जानेवारी

फॅक्टरीत आग लागली. प्रितम भाजला. मनराखनचे दोन्ही हात भाजले, त्याला ओढून काढताना. बाकी सगळे ठीक.

हे पहाटे आले. शर्टाला वास होता. म्हणाले, "वेल्डिंगची ठिणगी उडाली. या लोकांना किती सांगा, ऐकतच नाहीत." आंघोळ केली आणि पुन्हा गेले.

मी खिचडी करून हॉस्पिटलात नेली. आत सोडत नव्हते. रीना बाकावर बसली होती, बोटात अजून शिवताना घालायची पितळी टोपी. ती काढून ठेव म्हटलं तर तिला कळेचना मी काय म्हणतेय ते. देवराव आणि ठकूबाई, म्हणजे प्रितमचे आईवडील, भिंतीला टेकून खाली बसलेले. खिचडी तशीच परत आणली.

१ फेब्रुवारी

आज आत सोडलं. तोंडाला मास्क, अंगावर जाळीचा पिंजरा, त्यावर चादर. डोळे तेवढे ओळखीचे. मला पाहून बोलू लागला. नर्स नको म्हणत होती.

"काकू, वास येऊन राहिला होता. घासलेटासारखा. मनराखन म्हणे, इथं वेल्डिंग नको करू. पण लिवून होतं ना ड्रमवर."

मी विचारलं, काय लिहून होतं?

"इनफ्लेमेबल. फ्लेम मले माहीत हाये, गॅस कटिंगची फ्लेम. अन् इन म्हंजे नाही." मग म्हणाला, "सुपरवायझर नोहता. म्हणून तुमाले फोन केला."

 मी बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. लोक मला ओलांडून जात होते.

हा शब्द मी शेकडो वेळा पाहिलाय. प्रत्येक पेट्रोल टँकरच्या मागे असतो. आयुष्यात एकदाही मनात आलं नाही की याच्यापुढे इन आहे.

२ फेब्रुवारी

डिक्शनरी काढली. इन दोन आहेत. एक नाही म्हणणारा. दुसरा आत नेणारा. इनहेल, श्वास आत. इंजेक्ट, आत टोचणं. इनफ्लेम, आत आग घालणं; म्हणून इनफ्लेमेबल म्हणजे चटकन पेटणारं. दिसायला तंतोतंत एक. शाळेत एवढी वर्षं शिकवलं, आणि मला एकच ठाऊक होता.

मनराखनने विचारलं होतं. मी हसले होते.

दुपारी ह्यांना सगळं सांगितलं. फोन, हळदीकुंकू, नेहमीच. वाटलं होतं ओरडतील, किंवा जवळ घेतील. ते पाण्याचा ग्लास हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "हे अजून कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"बरं केलंस."

माझी किती काळजी करतात. मीच उगाच दुसरं काही ऐकायला बसले होते.

६ फेब्रुवारी

प्रितम गेला. सकाळी.

१३ फेब्रुवारी

सेठ घरी आले होते. मिठाई आणायची वेळ नव्हती, तर फळं घेऊन आले. आमच्या त्याच पुढच्या खोलीत बसले. बोर्ड अजून भिंतीलाच आहे, मी उलटा करून ठेवलाय.

म्हणाले, "भाभीजी, सरकारी साहब आएँगे, आपसे दो बात पूछेंगे. इतना ही कहना है कि लड़का अंग्रेज़ी पढ़ लेता था. बस." मी विचारलं, त्याने काय होईल? सेठ ह्यांच्याकडे पाहू लागले. मग ह्यांनी समजावून सांगितलं. ड्रमावर धोका लिहिलेला होता. वाचता येणाऱ्याने वाचला नाही, तर चूक त्याची. वाचता येत नव्हतं, तर चूक फॅक्टरीची.

"पण त्याने वाचलं होतं," मी म्हटलं. "वाचलं म्हणूनच..."

"सुजाता, फोनवर काय बोलणं झालं ते दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक आता नाही."

किती शांतपणे म्हणाले. सेठ गेल्यावर मी पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा मात्र आवाज चढला. "तुला कळत नाही का, लोक तुला काय म्हणतील? ऐश्वर्याच्या सासरी कळलं तर? मी तुला वाचवून राहिलो." मी त्यांना बीपीची गोळी दिली.

रीनाला फॅक्टरीतून कोणी भेटायला गेलेलं नाही. उलट तिच्या वस्तीत बातमी आहे की प्रितम पिऊन कामावर आला होता. मनराखनची बायको बाजारात भेटली, तिने सांगितलं. कोणी उठवली ही बातमी? 

तो थेंबही घेत नव्हता.

२० फेब्रुवारी

चौकशी झाली. फॅक्टरीच्या ऑफिसातच. साहेब तरुण होते, नम्र. मला खुर्ची दिली. लड़का अंग्रेज़ी पढ़ लेता था? मी म्हटलं, हो. सेठने मान हलवली. मग मी न थांबता बाकीचंही सांगून टाकलं. इन म्हणजे नाही, हे मी शिकवलं. त्याला शंका आली तेव्हा त्याने मला फोन केला. मी त्याला "नेहमीच" असं उत्तर दिलं. तो बेफिकीर नव्हता, त्याने विचारलं होतं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटत होता.

साहेबांनी लिहायचं थांबवून विचारलं, "आप यहाँ की सेफ़्टी ट्रेनर हैं न?"

मी म्हटलं, नाही. मी घरी इंग्रजी शिकवते.

"लेकिन आपके हसबैंड ने तो बताया है कि सबकी सेफ़्टी ट्रेनिंग आपके यहाँ होती थी. जनवरी से."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर पाहत होते. बाहेर काहीही नव्हतं, जळलेल्या शेडचा पत्रा तेवढा.

गाडीतून घरी आलो. उंबरठ्यावर मी म्हटलं, माझा क्लास तुम्ही ट्रेनिंग म्हणून दाखवलात? तर म्हणाले, "नुसतं नाव होतं. सगळीकडे असंच चालतं. आणि तू आज जे केलंस ना, त्याने फायदा कोणाचा झाला? आता सेठ म्हणेल, मास्तरणीने चुकीचं शिकवलं. सुटला तो."

खरंच असं होईल? मला कायद्यातलं कळत नाही. मी तर प्रितमसाठी बोलले होते.

२३ फेब्रुवारी

हे दोन दिवसांपासून नीट जेवलेले नाहीत. मला वाटतं माझ्या बोलण्याची लाज वाटतेय त्यांना. प्लांटमध्ये इतकी वर्षं काढली, एक डाग नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी काही बोलले नाहीत.

दुपारी सहज म्हणून विचारलं, त्या हिंदी पाट्या, पेंटर मिळाला होता का शेवटी?

"कोणत्या पाट्या?" म्हणाले.

मी सांगितलं, जेवताना तुम्ही म्हणाला होतात त्या. एकवीस तारखेला. मी इथे लिहून ठेवलं नसतं तरी मला आठवलं असतं, कारण त्या दिवशी मला छान वाटलं होतं.

"असं काही बोलणं झालं नाही," म्हणाले, आणि उठून बाल्कनीत गेले.

माणूस घाबरला की विसरतो, असं मी मनाशी म्हटलं. मग संध्याकाळभर तेच तेच म्हणत राहिले.

२७ फेब्रुवारी

दुर्गला गेले, रीनाकडे. एकटीच, बसने. ह्यांना बाजारात जाते म्हणून सांगितलं.

दारात मला पाहून रीना उठली नाही. मशीनवर अर्धा शिवलेला निळा शर्ट होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं, चौकशीत जे सांगितलं ते सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे त्यायनं इचारलं होतं."

"हो."

"अन् तुमी सांगतलं, कर."

मी म्हटलं, कर असं नाही म्हटलं. पण हो. तेच.

तिने दोरा तोडला. मला वाटलं आता हाकलून देईल. मला तसं हवंही होतं. ती म्हणाली, "हे त्या साहेबाच्या खोलीत बोलून माह्या काय कामाचं? इथं सारी गल्ली म्हणून राहिली का पेऊन मेला. माही सासू नळावर जात नाही. इथं बोला."

आणि खरंच बाहेर जाऊन तिने शेजारणींना हाका मारल्या. बायका आल्या, दोनचार माणसं आली. देवराव खाटेवर बसले होते, त्यांना ठकूबाईंनी हाताला धरून आणलं. भर उन्हात त्या गल्लीत मी बोलले. आयुष्यभर वर्गात बोलले, कधी असं तोंड कोरडं पडलं नव्हतं. प्रितम प्यायलेला नव्हता. ड्रमावर काय लिहिलंय ते त्याने वाचलं. वाचून मला विचारलं. मी घाईत चुकीचं उत्तर दिलं. चूक त्याची नाही.

कोणीतरी एक बाई म्हणाली, "हाय वं माय."  ठकूबाई माझ्याकडे पाहत होत्या, त्या नजरेचं काय करायचं मला कळेना.

देवराव म्हणाले, "इंग्रजी वाचे तो?"

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. प्रितम पेपर वाचून दाखवणार होता ना.

"वाचायचा," मी म्हटलं.

"अक्षर अक्षर लावून, का सरका?"

"सरका. न अडखळता वाचायचा."

"मले वाटे, संध्याकाळी पोरायसंग कुठं बसत असन," देवराव म्हणाले. "मी दोन खेपा शिव्या देल्या त्याले." आणि तोंडावर पंचा घेतला.

निघताना रीना गल्लीच्या टोकापर्यंत आली. मला वाटलं माफ केलं. पण ती म्हणाली, "काकू, तुमी खरं बोलल्या. पण आता नका येऊ आमच्या घरी." आणि मग, "एक सांगा. घरी साहेबायले माहीत होतं का, ते औषध पेटते म्हणून?"

साहेब म्हणजे हे.

बस आली होती. मी चढले. उत्तर दिलं नाही. पद्मनाभपूरचा स्टॉप गेला, नंतरचेही गेले, आणि मी तेच एक वाक्य मनात फिरवत होते. हिंदीत पाट्या लावायच्या आहेत. पेटत नसतं, तर पाट्या कशाला लावायच्या होत्या?

हे मला एकवीस जानेवारीलाच कळायला हवं होतं.

२ मार्च

आज चौकशीला आलेल्या साहेबांच्या ऑफिसात जाऊन आले. बोलावलं नव्हतं, स्वतःहून गेले. पाट्यांचं सांगितलं. ते औषध पेटतं हे घरात जेवताना माहीत होतं, पेंटर मिळाला नाही म्हणून पाट्या राहिल्या, आणि क्लासचा ट्रेनिंगशी काही संबंध नव्हता, हे सगळं हिंदीत, सावकाश, त्यांना लिहून घेता येईल असं सांगितलं. शेवटी सही केली. काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझी चूक यातून कमी होते असंही नाही. साहेब ते म्हणाले नाहीत, पण मला माहीत आहे.

घरी आले तर हे दारातच होते. कोणीतरी फोन केला असावा. म्हणाले, "तू माझ्याविरुद्ध बोलून आलीस?"

मी म्हटलं, "तुमच्याविषयी बोलून आले."

 फॅक्टरीत जायचे कपडे घातलेले होते, ते तसेच सोफ्यावर बसले. मी स्वयंपाक केला. दोन्ही ताटं वाढली. हे आले नाहीत. अजूनही पुढच्या खोलीत बूट घालून बसले आहेत. आज त्यांना कुठेही जायचं नाही.